पाण्यात उभ्या माणसाचा होकार

मी घर सोडलं त्या संध्याकाळी खाडीला पाणी नव्हतं. थंडीचे दिवस आणि पुनवेच्या आसपासची ओहोटी. दोन्ही काठांचा चिखल उघडा पडला होता आणि मधून गावातल्या रस्त्याएवढी पाण्याची एक पट्टी वाहत होती. तेवढ्यातून बाबांची होडी चालली होती. होडीत माझ्या दोन बॅगा, आय, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि मी. मागे डिझेलचं इंजिन धडधडत होतं. पलीकडच्या काठावर रिक्षा उभी होती. तिथून विरार, मग विमानतळ, आणि मग अमेरिका.

अर्ध्या वाटेवर भास्करमामा कमरेएवढ्या पाण्यात उभे दिसले. ते आमच्या शेजारच्या घरातले. हातात तंगूस, म्हणजे गळाची दोरी, धरून जिताडा माशाची वाट बघत होते. बाबांनी लांबूनच इंजिन बंद केलं, बांबू चिखलात रोवून होडी धरली आणि ओरडले, "पाय हाय?"

मामा काही बोलले नाहीत. तंगूस ताणलेली होती आणि ते एकदा हळूच ओढत होते, एकदा सैल सोडत होते. गळाला काहीतरी मोठं लागलं होतं.

बाबा थांबले. आम्ही सगळेच थांबलो. मी घड्याळ बघत होतो.

"बाबा, विमान आहे माझं."

"मला म्हाईत हाय."

"आजच्या दिवशी तरी पुढं घ्या," आय म्हणाली. "पोराचं जायचं हाय."

बाबांनी बांबू सोडला नाही. म्हणाले, "विमानात बसल्यावर खाली कोन उभं हाय ते दिसत नाय. इथं दिसतंय ना? मग थांबायचं."

शेवटी तंगूस सैल पडली. मासा गेला होता. मामांनी पाण्याला एक शिवी हासडली, पायांनी खालचा चिखल चाचपला आणि हात वर केला. "हाय! जा!" होडी जवळून सरकली तसे ते मला म्हणाले, "जग्या, तुज्या जायच्या पायी माजा मासा गेला. तिकडून मोठा धाड!"

ज्यांनी आमची खाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे जरा सांगायला हवं. आम्ही मुळात भातशेतीवाले. पण भात झोडून झालं की हिवाळ्यात खाडीत उतरायचं, हे प्रत्येक घरात होतं. अमावास्या-पुनवेला ओहोटी खोल जाते, पाणी कमी होतं आणि जिताडा खड्ड्याखड्ड्यांत येऊन बसतो. तिथं माणूस उभा राहतो. खाली नुसता गाळ असतो, त्यामुळे प्रत्येक घराची उभं राहायची एक जागा ठरलेली. तिथं पिढ्यान् पिढ्या शिंपल्या आणि फुटक्या विटा टाकून, तुडवून तुडवून, पायाला आधार केलेला असतो. आमची जागा जुन्या जाळ्याच्या खुंटांजवळ. ती बाबांनी केली. एक हिवाळा कुणी उभं राहिलं नाही तर गाळ भरतो आणि जागा हरवते.

उभ्या माणसाला आपले पाय दिसत नाहीत. इंजिनाची लाट आली की पहिल्यांदा पायाखालचा आधार जातो, आणि खुंटांवर कालवं असतात, सुरीसारखी. म्हणून इंजिन बंद करायचं आणि विचारायचं. त्यानं पायांनी चाचपून "जा" म्हटल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. उत्तर त्यानंच द्यायचं, दुसऱ्या कुणी दिलेलं चालत नाही. आणि कुणाच्या चुकीनं माणूस पडलाच, तर ज्यानं पाडलं त्यानं त्याची जागा राखायची. तो बरा होईपर्यंत प्रत्येक ओहोटीला त्याच्या जागी उभं राहायचं आणि मिळेल तो मासा त्याच्या घरी पोचवायचा. याला आम्ही दंड म्हणत नसू. ते असंच होतं.

अमेरिकेत मी वॉशिंग्टन राज्यात आलो. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशिनवर लागलो आणि अजून तिथंच आहे. शिफ्ट, ओव्हरटाइम, घराचं कर्ज, मुलीची शाळा. इतर सगळ्यांचं होतं तेच माझंही झालं. पहिले दोन-तीन हिवाळे मी घराबाहेर फारसा पडलो नाही. मग शेजारच्या मशिनवरचा ग्लेन मला एका शनिवारी नदीवर घेऊन गेला.

तिकडे स्टीलहेड नावाचा मासा आहे. नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि ऐन हिवाळ्यात परत आपल्याच नदीत चढतो. पाठ निळसर पोलादी. थंडी कडक पडली आणि पाऊस थांबला की नदी उतरते, पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि मासा भित्रा होतो. अशा कमी पाण्यात त्याला गळाला लावणं फार अवघड. बारीक दोरी लागते, लांबून टाकावं लागतं आणि तासन् तास गार पाण्यात गप्प उभं राहावं लागतं. मी पहिल्या दिवशी त्या पाण्यात कमरेपर्यंत उभा राहिलो आणि मला रडू आलं. ग्लेनला वाटलं थंडीनं.

मी फोनवर दादाला सांगायचो. तिकडे पाळून नदीत सोडलेल्या माशाचा पाठीवरचा छोटा पंख कापलेला असतो, तो घरी न्यायचा. ज्याचा पंख शाबूत तो जंगली, त्याला सोडून द्यायचं.

"पकडून सोडतोस?" दादा म्हणाला.

"हो."

"मग पकडतोस कशाला? बरा हायस का म्हनून विचारायला?"

त्या नदीत मोटरबोटीही चालतात. ग्लेनकडे जेट बोट होती. तिला पंखा नसतो, पाणी मागे फेकून ती पळते आणि वेगात असली की अगदी वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. पाण्यात उभे राहणारे आणि बोटवाले यांचं तिथं पटत नाही. बोटींनी मासा बुजतो म्हणून काठावरून आरडाओरडा होतो, एकदा तर आमच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी चिखल थापून ठेवला होता. मला मनातून उभ्या माणसांचं बरोबर वाटायचं. पण मी बोटीत बसलेलो असायचो.

ग्लेननं पहिल्यांदा मला बोट चालवायला दिली तेव्हा नदी उतरलेली होती. एका वळणावर एक म्हातारा गृहस्थ मांडीएवढ्या पाण्यात उभा होता. मी बाबांचा मुलगा. मी लगेच इंजिनचा जोर काढला.

वेगात असलेली बोट पाण्यावर उचललेली असते. जोर काढला की ती बसते, तिचं सगळं वजन पाण्यात उतरतं आणि मागून भिंतीसारखी लाट उठते. ती लाट त्या माणसाला छातीवर लागली. तो मागे कोसळला, त्याच्या रबरी कपड्यांत पाणी भरलं आणि आमची बोट काठच्या दगडगोट्यांवर जाऊन रुतली. त्याला बाहेर काढताना तो मला जे बोलला ते माझ्या इंग्रजीला तेव्हा सगळं कळलं नाही, तेच बरं झालं.

"मी त्याच्यासाठीच थांबलो होतो," मी ग्लेनला म्हणालो.

"तेच चुकलं," तो म्हणाला. "पाणी कमी असेल तर थांबायचं नाही. लांबून जा आणि वेगात जा. लाट लहान उठते. थांबलास की माणूस पडतो."

मला ते पटायला एक हिवाळा लागला. मग अंगवळणी पडलं. पुढं मी स्वतःची बोट घेतली. उभ्या माणसाच्या बाजूनं भरधाव जाताना सुरुवातीला माझी नजर खाली जायची, मग तीही जाईनाशी झाली. खरं सांगायचं तर मला आवडायला लागलं. थंड हवा, वेग, आणि मागे राहिलेला, क्षणभर दिसून गेलेला माणूस. मी त्याला विचारत नव्हतो आणि तरीही माझं बरोबर होतं. असं सुख गावात कधी मिळालं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा मी बाराव्याला पोचलो. त्यानंतर आय गेली, तेव्हा तेवढंही जमलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच्याच जोडीला ठेवून वाचावं असं मला वाटतं.

या वर्षी थंडीत मी बऱ्याच वर्षांनी निवांत रजा घेऊन आलो. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या. चंदनसारच्या रस्त्याला इतक्या इमारती झाल्यात की मी रिक्षावाल्याला दोनदा विचारलं, आपण बरोबर चाललोय ना. खाडीवर आता पूल आहे, त्यामुळे माणसांना न्यायला होडी लागत नाही. इंजिनं मात्र कमी झाली नाहीत, वाढली. राजोडीला समुद्रावर शनिवार-रविवार घालवणारे लोक आता सकाळी खाडीत पक्षी बघायलाही येतात. दादाचा मुलगा हितेश त्यांना फायबरच्या बोटीतून फिरवतो. लग्नाचा झालेला, कामसू पोरगा. बोट घेताना दादानं त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं: उभा माणूस दिसला की इंजिन बंद. बाहेरून येणारे दुसरे बोटवाले ऐकत नाहीत, पण हितेश ऐकतो. त्याची गिऱ्हाइकं कुरकुरतात, त्यांना तो सांगतो, "इथं सिग्नल आहे."

खाडीत उभे राहणारे आता मोजकेच उरलेत. दादा त्यातला एक. त्याला साखरेचा त्रास आहे, वहिनी रोज भांडते, तरी तो उतरतो.

येऊन चार दिवस झाले असतील. सकाळची ओहोटी होती. दादा आधीच खाडीवर गेला होता. हितेश बोट पुसत होता, म्हणाला, "काका, तुम्ही तिकडे स्वतःची चालवता ना? घ्या की. बघू अमेरिकन ड्रायव्हिंग."

मी घेतली. धुकं होतं, पाणी उतरलेलं, बोट हलकी. ती उचलली गेली आणि पळायला लागली तसा मला फार आनंद झाला. माझ्या दोन्ही नद्या एका जागी आल्यासारख्या वाटल्या. मग पुढं खुंट दिसले आणि खुंटांजवळ कमरेएवढ्या पाण्यात पाठमोरा माणूस. डोक्याला माकडटोपी, अंगात बाबांचा जुना तपकिरी स्वेटर.

"काका, बंद करा," हितेश म्हणाला.

"थांब. पाणी कमी आहे. आता सोडलं तर लाट मोठी होईल."

"काका, अहो दादा आहेत!" तोही आपल्या वडिलांना दादाच म्हणतो.

मी ओळखलं होतं. मी त्याला शिकवायच्या सुरात म्हणालो, "म्हणूनच." आणि मनात काय होतं तेही सांगतो. मला वाटत होतं, बोट बाजूनं सुळकन निघून जाईल, दादा वळून बघेल आणि म्हणेल, जग्या काय चालवतो!

तिकडची नदी रुंद आहे, तिचे काठ गोट्यांचे आणि उतरते. लाट पसरते आणि मरते. इथं दोन्हीकडे चिखलाच्या उभ्या भिंती आणि मध्ये ती अरुंद पट्टी. लाटेला जायला जागाच नव्हती. आधी पाणी दादाच्या अंगाभोवतून ओढलं गेलं, मग एका काठावर आपटून परत आलं, मग दुसऱ्या. मी मागे वळून बघितलं तेव्हा माकडटोपी पाण्यावर होती आणि दादा नव्हता.

हितेशनं कपड्यांनिशी उडी मारली. दादा खुंटाला धरून उठला होता. गुडघ्यापासून खाली पाय कालवांनी सोललेला, तळहात फाटलेला. पाणी लाल होत होतं. त्यानं आधी हितेशकडे बघितलं, मग बोटीत उभ्या माझ्याकडे. एवढंच म्हणाला, "विचारलं नाय?"

विरारच्या दवाखान्यात टाके पडले. साखर असल्यामुळे जखम भरायला वेळ लागेल आणि खाडीच्या पाण्यापासून लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. दादा घरी आला आणि ओसरीवर पाय वर करून पडला.

मी बोलणी खायला तयार बसलो होतो. संध्याकाळी गावातले आले. भास्करमामाही आले, आता वाकलेले, नातसुनेच्या हाताला धरून. मी उठून उभा राहिलो.

"बस रे, बस," ते म्हणाले. "तुज्यावर कोन चिडलंय?"

"मामा, चूक माझी आहे."

"तुजी काय चूक? तुला काय म्हाईत इथलं? तू तिकडचा." मग इतरांकडे बघून हसले. "आपल्या पान्याची चूक हाय. कमी पडलं त्याला."

सगळे हसले. मीही हसलो. वहिनीनं चहा आणला, तो पहिल्यांदा मला दिला, बशी असलेल्या कपातून.

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात जाड तुकडा होता आणि दादाच्या ताटात शेपटीकडचा. मी म्हटलं, "वहिनी, पडला तो, आणि तुकडा मला?"

"भावजी, तुम्ही जेवा निवांत," वहिनी म्हणाली. "तुम्ही किती दिवसांचे."

घरातली एसीची खोली माझी होती. उशीला नवा अभ्रा. आंघोळीला माझा वेगळा टॉवेल. पिण्याला बाटलीचं पाणी, ते वहिनी कुठून कुठून आणवत होती. माझ्या भावाला मी पाडलं होतं आणि त्या घरात माझी सरबराई चालली होती. मला राहून राहून बाबांचं एक आठवत होतं. मी लहान असताना हातून होडीचा बांबू सुटला होता, तेव्हा त्यांनी मला बदडलं होतं आणि वर म्हणाले होते, "परका असतास तर हात लावला नसता."

पुढची ओहोटी आली आणि गेली. आमच्या जागेवर कुणी उभं नव्हतं. हितेशला शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं, बाकीच्यांच्या आपापल्या जागा. बाहेरच्या बोटींना ते मोकळं पाणी दिसलं आणि त्या थेट खुंटांजवळून जायला लागल्या. मी बांधावर उभा राहून बघत होतो. प्रत्येक बोटीबरोबर गाळ उसळत होता आणि खड्ड्यात बसत होता. मला कळत होतं, हिवाळा संपेपर्यंत बाबांच्या विटा हाताला लागणार नाहीत.

कुणी मला म्हणालं नाही की जग्या, जागा तू राख. मी वाट बघितली. दोन दिवस मी वहिनीच्या, हितेशच्या, भास्करमामांच्या तोंडाकडे बघत होतो, की आता म्हणतील.

शेवटी मीच ओसरीवर गेलो.

"दादा, जागा मी राखतो."

तो वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं ते खाली केलं नाही. "तुजं विमान हाय शनिवारी."

"पुढं ढकललं." बायकोशी बोललो होतो. ती म्हणाली होती, रजा वाढव, नाहीतर तू इथं येऊनही तिथंच बसशील.

"गार लागेल. पाय कापतील. मग तुज्या वहिनीला दोगांना मलम लावायला लागेल."

"लागू दे."

"पाहुन्याला कोन चिखलात उभं करतं? लोक मला हसतील."

"मी पाहुणा आहे का?"

दादानं वर्तमानपत्राची घडी घातली. परत उलगडली. परत घातली.

"हितेशनं पाडलं असतं," तो म्हणाला, "तर त्याच सांजेला कान धरून उभा केला असता. घराबाहेरचा एखादा गावातला असता तर त्याच्या दारात जाऊन बसलो असतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

त्यानं खाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "तू नाय म्हनाला असतास तर?"

एवढी वर्षं मी समजत होतो की यांनी मला परका धरलं. दादा घाबरला होता. मागितलं आणि मी घड्याळाकडे बघितलं, तर त्याचा भाऊ संपला असता. न मागता तो मला शिल्लक ठेवत होता.

मी दुसऱ्या दिवशी उतरलो. त्यात मोठेपणाचं काही नव्हतं, लोक हसलेच. गाळात माझा पहिलाच पाय मांडीपर्यंत गेला. अमेरिकेत माझ्याकडे रबरी कपडे आहेत, नक्षीच्या तळव्यांचे बूट आहेत; इथं दादाची जुनी हाफ पँट आणि अनवाणी पाय. भास्करमामा बांधावरून ओरडत होते, "अरे उजवीकडं! उजवीकडं, खुंटाच्या! तुजा बाप काय मदी उभा राहायचा?" पायांनी गाळ उकरत, तुडवत मी बऱ्याच वेळानं एका टणक जागेवर आलो. आधी शिंपल्यांची करकर लागली, मग विटेची कड. बाबांनी टाकलेली. तिच्यावर अंगठा ठेवला आणि दुसरा पाय तिथं ओढून आणला.

हितेशनं हातावर जिवंत कोळंबी गळाला लावून दाखवली. मी विसरलो होतो.

किती ओहोट्या उभा राहिलो ते मोजलं नाही. बरेच दिवस काहीच लागलं नाही. बाहेरच्या बोटी थांबायच्या नाहीत. एकदा एकानं माझ्या बाजूनं तशीच वेगात नेली, जशी मी न्यायचो. दोन्ही काठांवरून फिरून आलेलं पाणी माझ्या छातीवर बसलं आणि मी खुंटाला मिठी मारली. हाताला कालवं लागली. वहिनीनं त्या दिवशी मलम लावलं आणि पहिल्यांदाच मला झापलं. "दोघंही सारखेच! एकाला निस्तरते तोवर दुसरा!" त्या दिवशी माझ्या ताटात शेपटीचा तुकडा होता. मी तो फार सावकाश खाल्ला.

मग एका सकाळी जिताडा लागला. दादाला लागायचे तेवढा मोठा नव्हे, पण अंगानं भरलेला. मी तो घरी नेऊन दादासमोर ठेवला. त्यानं उलटा-सुलटा करून पाठीवरचा पंख बघितला. "शाबूत हाय," म्हणाला. "सोडून देनार काय?"

दादाचा पाय आता भरलाय. पण पोटरीची शीर दुखावली आहे आणि तो पाय गाळातून उपसून काढता येत नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, त्याला ते माझ्यासमोर एका संध्याकाळी कळलं. तो काठापर्यंत आला, एक पाय चिखलात ठेवला, आणि परत काढून घेतला. बांधावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून बसायला लागला. आता मी परत अमेरिकेत आहे आणि तो तिथंच बसतो. बाहेरच्या बोटींवर ओरडतो. हितेश सोमवारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा उभा राहतो, पण पोटाचं सोडून किती सोमवार उभा राहणार? परवा फोनवर दादा म्हणाला, गाळ चढतोय. वीट लागते का विचारलं, तर म्हणाला, "हितेशला लागते म्हनतो. माजा इश्वास नाय."

इकडे नदी उतरली आहे. मी बोट विकली. यात कुणावर उपकार केले असं नाही, ज्यानं घेतली तोही ती पळवेलच. मी पाण्यात उभा राहतो. जेट बोटी बाजूनं जातात, नियमाप्रमाणे, लांबून आणि वेगात. त्यांचं चुकत नाही. माझ्यापर्यंत पोचते ती टीचभर लाट, तीही लगेच मरते. तरी प्रत्येक बोट आली की मी नकळत पायांनी खालचे गोटे चाचपतो आणि तोंड उघडतो. कुणी विचारलेलं नसतं.

गावाहून निघायच्या आदल्या सकाळची ओहोटी माझी शेवटची होती. धुकं होतं. मी जागेवर उभा होतो, मागे बांधावर दादा खुर्चीत, मफलर गुंडाळून. वळणावरून हितेशची बोट आली. चार-पाच माणसं पक्षी बघायला बसलेली. त्यानं लांबूनच इंजिन बंद केलं. खाडी एकदम गप्प झाली. त्यानं बांबू रोवला आणि हाक मारली, "काका, पाय हाय?"

मी पाय सरकवला. वीट शोधत होतो. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "हाय! जा!"

दादा. सवयीनं. इतक्या वर्षांची सवय.

बोट हलली नाही. हितेशनं बांधाकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि बांबू दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरला. गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी विचारलं, काय झालं, थांबलो का? हितेश माझ्याकडे बघत होता. पाण्यात मी होतो.

दादाला कळलं असावं. खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही, बघवलं नसतं.

मी सावकाश शोधलं. गार गाळ, शिंपल्या, मग ती कड. दोन्ही अंगठे तिच्यावर ठेवले आणि सगळं वजन सोडलं. मला घाई नव्हती. विमान दुसऱ्या दिवशी होतं, आणि तेही थांबलं असतं तर थांबलं असतं. एवढ्या मोठ्या जगात, मी बोलेपर्यंत कुणी पुढं जाणार नाही, अशी मला मिळालेली ती एक जागा होती. बाबांनी केलेली, दादाकडून काही दिवस उसनी घेतलेली, आणि आता हळूहळू गाळाखाली चाललेली.

"हाय," मी म्हणालो. "जा."